मुंबईच्या हवेत टिकेल असा घडीचा चाकू

घडीचा चाकू घेताना मुंबईकरांनी ब्रँडच्या आधी पातं कशाचं आहे ते बघावं. फ्रान्सच्या ओपिनेलचा 8 नंबर मला फार आवडतो. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं आंब्याच्या सालीखालून अलगद सरकतं, आणि मुठीच्या तोंडाशी असलेली कडी फिरवली की पातं अडकून राहतं, बोटावर मिटायची भीती नाही. पण त्यातलं कार्बन पोलाद इथे नको. कैरी कापून तसंच ठेवलं की काळं पडतं, पावसाळ्यात गंज चढतो. पात्यावर ‘इनॉक्स’ लिहिलेला, म्हणजे स्टेनलेसचाच घ्या. तरी लाकडी मूठ जुलैत फुगते आणि पातं निघता निघत नाही. रोज खिशात ठेवायचा असेल तर स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स बरा. फक्त त्याच्या लहान मॉडेलांना लॉक नसतं, जोर देताना बोटं जपा.