अभ्यासक्रम आखताना या चुका टाळा

विद्यापीठातील अभ्यासक्रमांचे आराखडे तपासायला घेतले की पहिली चूक बहुधा पहिल्याच पानावर सापडते. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका जशीच्या तशी उचललेली असते आणि प्रकरणांपुढे आठवड्यांचे क्रमांक टाकलेले असतात. पुस्तकात पंधरा प्रकरणे आणि सत्रात पंधरा आठवडे असा योग जुळला, तर आराखडा अर्ध्या तासात तयार होतो आणि तो तसा दिसतोही. लेखकाने विषय कोणत्या क्रमाने मांडला हे अनुक्रमणिकेवरून कळते. सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे तिच्यात कुठेच नसते.

संशोधनपद्धतीच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या समितीत मी होतो. जुन्या आराखड्याच्या सुरुवातीलाच ‘विद्यार्थी स्वतंत्रपणे सर्वेक्षण आखू शकेल’ असे ठसठशीत वाक्य होते. प्रत्यक्षात प्रश्नावली हा घटक सत्राच्या शेवटी टाकलेला होता आणि रेंगाळलेले घटक उरकण्याच्या घाईत तो दरवर्षी जेमतेम एका तासिकेत गुंडाळला जाई. लेखी परीक्षेत ‘प्रश्नावलीचे प्रकार सांगा’ हा प्रश्न ठरलेला असे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना तोंडपाठ असे. त्याच विद्यार्थ्यांनी पुढे प्रबंधासाठी केलेल्या प्रश्नावल्या आम्ही मागवून घेतल्या. त्यांतील एक प्रश्न असा होता: ‘ग्रंथालयाची वेळ आणि सेवा आपणांस समाधानकारक वाटते का? होय / नाही.’ वेळ सोयीची आहे पण सेवा वाईट आहे, असे ज्याला सांगायचे आहे त्याने खूण कुठे करावी? संबंधित प्राध्यापकांचे म्हणणे असे पडले की हल्लीची मुले विचारच करत नाहीत. प्रश्नावली तयार करून ती चार जणांकडून भरून घेण्याचे एकही काम संपूर्ण सत्रात दिलेले नव्हते, याकडे त्यांचे लक्ष वेधावे लागले.

अपेक्षित निष्पत्ती (म्हणजे सत्राअखेर विद्यार्थ्याला काय करता यावे), वर्गातील काम आणि मूल्यमापन या तिन्हींची सांगड हवी, ही मांडणी शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्येच नेमकेपणाने केलेली आहे. माझी सवय त्याहून साधी आहे: सत्राअखेरचे सर्वांत मोठे काम मी आधी लिहून काढतो, ते करायला कोणत्या गोष्टी यायला हव्यात ते टिपतो आणि मगच आठवडे भरतो. ज्या घटकाची त्या कामासाठी गरज पडत नाही, तो कितीही आवडता असला तरी पूरक वाचनात जातो.

निष्पत्तींच्या भाषेचाही एक जवळचा रस्ता नवख्यांनी शोधलेला आहे. शिकण्याच्या उद्दिष्टांची सोप्याकडून अवघडाकडे पातळ्यांत मांडणी करणारे ब्लूम आणि सहकाऱ्यांचे १९५६ चे वर्गीकरण २००१ मध्ये सुधारले गेले आणि त्यातील सहा पातळ्यांना क्रियावाचक नावे मिळाली. तेव्हापासून क्रियापदांच्या तयार याद्या घेऊन ‘विश्लेषण करेल’, ‘मूल्यमापन करेल’ अशी वाक्ये भरण्याला ऊत आला आहे. कशाचे विश्लेषण आणि कोणत्या निकषांवर, हे न लिहिलेले वाक्य कोणत्याही विषयाच्या आराखड्यात खपून जाते, आणि म्हणूनच ते निरुपयोगी असते.

माझ्या विशेष रागातील आणखी एक चूक म्हणजे वाचनाचे ओझे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम. म्हणजे सहा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पंधरा आठवड्यांत बसवला, तर आठवड्याला १० ते १२ तास येतात, आणि त्यांत तासिका, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी हे सारेच येते. तरीही तीन लांबलचक शोधनिबंध एकाच आठवड्यात ठेवणारे आराखडे येतच राहतात. शोधनिबंध पहिल्यांदाच वाचणाऱ्याचा वेग मी ताशी दहा पानांपेक्षा अधिक धरत नाही. नव्वद पानांचे वाचन नऊ तास खाते, मग बाकीच्या कामाला उरते काय? यादी लांब असली की अभ्यासक्रम भारदस्त वाटतो, हा समज शिक्षकांचा आहे. विद्यार्थी अशा यादीतून काय वगळायचे ते स्वतःच ठरवतात आणि बहुधा नेमके महत्त्वाचे वगळतात.

उशिरा दिलेल्या कामाबाबत ‘योग्य ती कपात केली जाईल’ असे लिहू नये. किती गुण आणि किती दिवसांपर्यंत, हे लिहावे. गुणभाराची बेरीज शंभर होते की नाही, हे कागदावर करून पाहावे. सगळे गुण शेवटच्या परीक्षेवर ठेवू नयेत, कारण चूक कळेपर्यंत सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. गेल्या वर्षीची फाइल वापरायची असेल, तर तिच्यातील तारखा आधी पुसाव्यात आणि मगच पुढे जावे. ‘नंतर बदलू’ असे म्हणणाऱ्यांच्या आराखड्यात सादरीकरणाची तारीख हमखास सुट्टीच्या दिवशी निघते.

आराखडा पूर्ण झाल्यावर मी तो त्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती देतो आणि पहिले काम केव्हा द्यायचे आहे, त्याला किती गुण आहेत आणि अडचण आल्यास कोणाला भेटायचे, एवढेच विचारतो. त्याला पाने उलटसुलट करत शोधावे लागले, तर ते पान मी पुन्हा लिहितो.