कात टाकल्यावर हर्मिट क्रॅबचा पाय तुटला, शंखाबाहेर लोंबकळतोय: माझा अनुभव

हर्मिट क्रॅब म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा; माझा जमिनीवर राहणारा. लक्षणं: वाळूतून वर आलेला, अंग मऊ-फिकट, एक पाय गायब, सांध्यातून पाणी झिरपतंय, खाणं बंद. टाकीतले बाकीचे त्याला टोचत होते.

कापूस घातलेल्या कोरड्या डब्यात तो आणखी मलूल झाला. दिवसातून दोनदा फवारा मारूनही फरक नाही. वैताग आला होता.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी त्याला परत टाकीत ठेवून दोन्ही टोकं कापलेली प्लास्टिकची बाटली त्याच्याभोवती वाळूत खोल रोवली. टाकीतून पुन्हा उचललं नाही, कारण दमट हवा तिथेच होती. गिल (कल्ले) ओले राहिले तरच तो श्वास घेतो, म्हणून आर्द्रता 80 टक्के, तापमान 27 अंश. मग वरून काळं कापड. टाकलेली कात तशीच जवळ ठेवली. तीच त्याचं कॅल्शियम. जोडीला काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस (कटलफिशचं हाड) किसून. दोन उथळ झाकणं: एकात क्लोरीन काढलेलं पाणी, दुसऱ्यात मत्स्यटाकीचं समुद्री मीठ, लिटरला 35 ग्रॅम. (घरचं मीठ नको.) शेजारी थोडा मोठा रिकामा शंख. जखमेला मलम नाही, हात लावणं नाही.

पहिल्यांदा कात खाल्ली, मग शंखात शिरला. कवच टणक झाल्यावरच बाटली काढली. तुटल्या जागी आता पारदर्शक कोंब दिसतोय. पूर्ण पाय पुढच्या कातीला.