जुन्या गाडीवरचे खोल चरे: या चुका टाळा

सोलापुरात गाडीवर चरे पडायला कुणी मुद्दाम किल्ली ओढावी लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून गाडी धुण्याऐवजी रोज सकाळी कोरडीच पुसली जाते. फडकं म्हणजे घरातला जुना टॉवेल. गावचाच माल, पण वर्षानुवर्षं अंग पुसून काथ्यासारखा झालेला. रात्रभर बसलेली धूळ त्यानं घासायची म्हणजे बोनेटवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. उरलेली कसर ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीबाहेर लोंबणारी कांडी भरून काढतात.

हे चरे घालवताना जे नुकसान होतं, ते मात्र चऱ्यांपेक्षा मोठं असतं. मी सेकंडहँड गाडी घेतली, ती तीन वर्षं उघड्यावर उभी होती. गॅरेजवाल्याला म्हणालो, "चरा पार गेला पाहिजे." त्यानं रबिंग मशीन लावलं. चरा गेला, आणि बोनेटच्या कडेला रंगाखालचा करडा प्रायमर वर आला. दोष निम्मा माझा. 'पार' म्हणजे काय, हे मलाच कळलेलं नव्हतं.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. रबिंगनं चरा भरत नाही. आजूबाजूचा कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली घासला जातो. खोल चरा असेल तर घासायला काही शिल्लकच राहत नाही. त्यात ही गाडी आधीच ४०-४२ अंशांच्या उन्हात भाजलेली, कधीकाळी दोन-तीनदा रबिंग झालेली. ऊन अडवायचं काम हाच कोट करतो, तो फार पातळ झाला की वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात.

म्हणून आधी गाडी शाम्पूनं नीट धुवा आणि ओल्या बोटानं चरा भिजवा. भिजल्यावर दिसेनासा झाला तर तो वरच्या कोटातच आहे, रबिंग कंपाउंडनं, म्हणजे घासायच्या पेस्टनं, निघेल. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर पूर्ण घालवायचा हट्ट सोडा. तळाशी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल, तर तिथं घासायचं काही काम नाही, भरायचं आहे: गंज खरवडायचा, प्रायमर, मग टचअप रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन, शेवटी क्लिअर. एकाच हातात जाड थेंब सोडला की वाळल्यावर तिथं टेंगूळ दिसतं. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर सापडतो, पण उन्हानं उडालेल्या पॅनलवर तोच रंग गडद वाटतो. आधी कोपऱ्यात लावून पाहा.

चऱ्यावर टूथपेस्ट चोळायच्या घरगुती उपायाबद्दल विचारूच नका. दात घासायला ठीक.

वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, वापरायचाच तर २००० किंवा ३००० नंबरचा (नंबर मोठा तितका बारीक), भरपूर पाणी सोडत, चऱ्यापुरताच. 'लवकर होईल' म्हणून ८०० चा घेतलात तर त्याचे ओरखडे काढायलाच उरलेला कोट संपेल. पॅनलच्या कडांवर रंग पातळ असतो. तिथं मास्किंग टेप लावा. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या टपावर कंपाउंड लावू नका, ते जागीच वाळून चिकटतं. सकाळी लवकर, सावलीत.

काम झाल्यावर उन्हात गोल-गोल ढग दिसत असतील तर मशीनचा पॅड कडक होता. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशनं पुन्हा एक हात. चकचकीत केल्यावर गेलेले चरे दोन धुण्यांत परत आले, तर ते निघालेच नव्हते, मेणानं बुजवले होते. फडक्यावर गाडीचा रंग उतरायला लागला तर लगेच थांबा. जुन्या, क्लिअर नसलेल्या एकथरी रंगात तो उतरतोच. बाकीच्या गाड्यांत याचा अर्थ कोट संपला आणि ते पॅनल आता पेंटरकडेच जाणार.

माझं बोनेट गेलं तसंच. दारावरचा खोल चरा मात्र टचअप करून ठेवलाय. चार फुटांवरून दिसत नाही, जवळून दिसतो. दिसू दे.