लहान आतड्याची बायोप्सी वाचायला शिकताना

पॅथॉलॉजीत नव्याने आलेल्यांना एंडोस्कोपीतून आलेले ड्युओडेनमचे, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाचे, तुकडे किरकोळ वाटतात. मला मात्र विचार करायला शिकवलं ते याच बारीक कणांनी.

1957 साली आलेली क्रॉसबी कॅप्सूल रुग्णाला गिळावी लागे आणि आतून न बघताच एखादा तुकडा मिळे. आता डोळ्यांसमोर, हव्या त्या जागेचे अनेक तुकडे घेता येतात. हा फायदा वाया घालवू नका. सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा) ठिगळांसारखा, मध्येच निरोगी जागा सोडून पसरलेला असू शकतो. म्हणून ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि बल्बमधून, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून, एक-दोन तुकडे हवेत. बल्बचे वेगळ्या डबीत मागा, कारण तिथल्या ब्रुनर ग्रंथींमुळे व्हिलाय, म्हणजे अस्तराचे बोटांसारखे उंचवटे, मुळातच बुटके दिसतात. रुग्णाने गहू आधीच बंद केला असेल, तर आतडं सावरलेलं असतं आणि स्लाइड फसवते.

तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये आडवा बसला की चांगले व्हिलायही आखूड भासतात. क्रिप्ट, म्हणजे व्हिलायच्या तळाच्या नळीसारख्या ग्रंथी, गोल कापलेल्या दिसल्या तर मोजमाप थांबवा आणि आणखी खोल सेक्शन मागा. तीन-चार व्हिलाय सलग उभे दिसतील तिथेच उंची बघा. क्रिप्टच्या साधारण तिप्पट उंची ठीक समजतात. अस्तराच्या शंभर एपिथेलियल पेशींमागे पंचवीसपेक्षा जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर ते वाढलेले.

इथे घाईने ‘मार्श’ची श्रेणी (सीलिअॅकमधल्या इजेच्या पायऱ्या) लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. ती श्रेणी म्हणजे इजेचं वर्णन, आजाराचं नाव नव्हे. नुसते लिम्फोसाइट जठरातल्या हेलिकोबॅक्टर जिवाणूने वाढतात, वेदनाशामक गोळ्यांनीही वाढतात. व्हिलाय सपाट होण्यामागे ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला, अन्न नीट शोषलं न जाण्याचा आजार) असू शकतो, रक्तदाबाचं औषध ओल्मेसार्टनही असू शकतं. मला सर्वांत मोलाची वाटलेली सवय म्हणजे काय नाही ते शोधणं. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी दिसतच नसतील तर प्रतिकारशक्तीच्या कमतरतेचा विचार करा, आणि मग व्हिलायमधल्या मोकळ्या जागेत जिआर्डिया हा परजीवी नक्की शोधा. अस्तरातल्या गॉब्लेट आणि पॅनेथ पेशी गायब असतील तर ऑटोइम्यून एन्टेरोपॅथी, म्हणजे प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटण्याचा आजार, मनात यायला हवी.

काही आजारांत मात्र बायोप्सी जवळपास थेट उत्तर देते. लॅमिना प्रोप्रियात, म्हणजे अस्तराखालच्या थरात, फेसाळ मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) ठासून भरलेले आणि पीएएस स्टेनला पॉझिटिव्ह दिसले, तर व्हिपल हा जिवाणूंमुळे होणारा आजार डोळ्यांसमोर येतो. पण एव्हियम गटाच्या मायकोबॅक्टेरियाच्या (क्षयाच्या जंतूंच्या नात्यातल्या) संसर्गातही तसंच दिसतं, म्हणून हे जंतू दाखवणारा झील-नील्सन स्टेन केल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका.

मर्यादाही ओळखा. चिमट्यात येतो तो म्युकोसा (सर्वांत आतला थर) आणि फार तर थोडा सबम्युकोसा (त्याखालचा थर); त्याहून खोलचा आजार हाती लागत नाही. क्रोन्स (आतड्याच्या दीर्घ दाहाचा आजार) किंवा क्षयाचा ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींची गाठ, प्रत्येक तुकड्यात सापडेलच असं नाही. दोष लहान आतड्याच्या पुढच्या भागांत, जेजुनममध्ये किंवा इलियममध्ये, असेल तर ड्युओडेनम अगदी निरोगी दिसू शकतं. इलियमच्या टोकापर्यंत कोलोनोस्कोप पोचतो, मधल्या भागासाठी बलून एन्टेरोस्कोपी लागते. कॅप्सूल एंडोस्कोपी चित्र दाखवते, तुकडा आणत नाही.

आणि फॉर्मवर फक्त ‘जुलाब’ लिहिलेलं असेल तर फोन उचला. टीटीजीचा (सीलिअॅकच्या रक्तचाचणीचा) निकाल, सुरू असलेली औषधं, वजन किती उतरलं, एंडोस्कोपीत घड्या कशा दिसल्या, एवढं विचारून मगच रिपोर्ट लिहायला बसा.