उसाच्या वाढ्याचा मुरघास करताना आणि खाऊ घालताना

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांत गोठ्यापुढे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्यांची रास लागते आणि सकाळ-संध्याकाळ म्हशींच्या गव्हाणीत तीच वैरण पडते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तोच शेतकरी महागडा कडबा शोधत फिरतो. म्हणून वाढे ताजे आणि मुबलक असतानाच त्यातील काही भागाचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेली टिकाऊ वैरण) करून ठेवावा.

तोडणी झाल्यावर वाढे वाळू न देता त्याची दोन-अडीच सेंटीमीटर लांबीची कुट्टी करावी. कुट्टी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी: पाणी टपकले तर वैरण फार ओली आहे, गोळा लगेच विखुरला तर कोरडी आहे आणि तो सावकाश सुटला तर भरण्याजोगी आहे. खड्ड्यात किंवा पिशवीत अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर देऊन प्रत्येक थर चांगला तुडवावा, कारण आत राहिलेल्या हवेमुळेच बुरशी धरते. वाढ्यासोबत उसाची कांडी जास्त गेली तर तिच्यातील साखरेवर यीस्ट वाढून मद्यार्क तयार होतो, तेव्हा कांडी शक्यतो वेगळी काढावी. तोंड हवाबंद करून किमान ४५ दिवस ते उघडू नये.

चांगला मुरघास पिवळसर हिरवा दिसतो आणि त्याला आंबटगोड वास येतो. काळपट, चिकट किंवा बुरशी धरलेला भाग काढून टाकावा. ‘थोडाच आहे’ म्हणून तो गाभण जनावरापुढे टाकू नये. चांगला मुरघास सुरुवातीला चार-पाच किलो देऊन आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे आणि दुधाला वास लागू नये म्हणून तो धार काढल्यानंतर घालावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कॅल्शियमची आहे. वाढ्यातील ऑक्झॅलेट हे द्रव्य शरीरात जाणारे कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे महिनोन्‌महिने नुसते वाढेच खाणाऱ्या जनावराचे दूध घटते, ते वेळेवर माजावर येत नाही आणि व्याल्यावर त्याला दुग्धज्वराचा (रक्तातील कॅल्शियम एकदम घटण्याचा) धोका राहतो. चुनकळी (कळीचा चुना) रात्री भिजवून सकाळी वरची निवळी तेवढी वाढ्यावर शिंपडण्याची जुनी रीत याच कारणाने उपयोगी आहे. तिच्या जोडीला मोठ्या जनावरास रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि शक्य तेवढा लसूणघास किंवा चवळीचा चारा द्यावा.

वाळलेल्या वाढ्यावर युरियाची प्रक्रिया करायची असल्यास १०० किलोसाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा आणि २१ दिवस झाकून ठेवावे. खाऊ घालण्यापूर्वी ते पसरून अमोनियाचा वास उडू द्यावा; सहा महिन्यांखालील वासरा-रेडकांना ते मुळीच घालू नये. पाचटावर (उसाच्या वाळलेल्या पानांवर) मात्र हा खर्च करू नये, ते शेतातच कुजवलेले बरे.

व्यालेली म्हैस मान पोटाकडे वळवून बसली, तिचे कान गार लागले आणि ती उठेना, तर तो दुग्धज्वर असू शकतो; तिला तोंडाने काहीही पाजू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. पशुवैद्यकाला त्याच क्षणी बोलावून शिरेतून कॅल्शियम देण्याची व्यवस्था करावी.