फलकनुमा बघायला जाताय? आधी घराणं समजून घ्या, झुंबरं नंतर

आपल्याकडनं हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार बघतो, सालारजंग म्युझियम बघतो, लाड बाजारातनं बांगड्या घेतो, बिर्याणीचं पार्सल बांधतो आन रात्रीच्या गाडीनं परत. टेकडीवरचा फलकनुमा वाडा दिसतो लांबूनच, कोणीतरी म्हणतं "ते निजामाचं आहे" आणि विषय संपला. मी पण पहिल्यांदा असंच ऐकून आलो होतो, एका गाईडने तर ठासून सांगितलं की निजामाने बांधला, आणि मी इकडं नांदेडला येऊन चार जणांना तेच सांगत सुटलो. नंतर कळलं की निजामाने तो बांधलाच नाही, बांधला त्याच्या दरबारातल्या पायगा घराण्यातल्या एका नवाबाने, निजामाकडं तो नंतर गेला. म्हणून हे लिहितोय, की जायच्या आधी काय वाचायचं, कुठून सुरू करायचं आणि आत गेल्यावर कशाकडं बघायचं.

पहिलं काम म्हणजे "पायगा" हा शब्द. आपल्याला पागा माहीत आहे, घोड्यांची, तिच्याच जवळचा हा फारसी शब्द. निजामासाठी घोडदळ सांभाळायचं आणि त्या खर्चासाठी गावंच्या गावं जहागीर म्हणून घ्यायची असा हा मामला. हे घराणं वर आलं दुसऱ्या निजामाच्या, म्हणजे निजाम अलीच्या काळात. हाच तो निजाम ज्याने १७६३ मध्ये राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली. त्याचा सरदार अबुल फतेह खान तेग जंग, त्याला शम्स-उल-उमरा ही पदवी मिळाली, तो या घराण्याचा मूळ पुरुष. पुढं तर यांची स्वतःची फौज, स्वतःची वसुली, स्वतःची कोर्टं. माझ्या आजीचं माहेर उमरग्याकडलं, ती म्हणायची "आमचं गाव पायग्यातलं", आणि मला लहानपणी वाटायचं की गावात घोडे असतील. घोडे कसले, सारा भरायचा तो निजामाच्या खजिन्यात न जाता या नवाबांकडं जायचा एवढाच त्याचा अर्थ.

आता नावं. इथं सगळ्यांचा घोळ होतो, माझा पण झाला, कारण ही नावं नाहीतच, पदव्या आहेत, आणि एकच पदवी बापाला पण असते आणि पोराला पण. जायच्या आधी एका कागदावर हा जिना लिहून घ्या, खालून वर: जंग, मग दौला, मग मुल्क, मग उमरा, आणि सगळ्यात वर जाह. म्हणजे कुठंही "अमुक जंग" वाचलं की समजायचं पहिल्या पायरीवरचा माणूस, आणि "जाह" दिसलं की एकदम वरचा. फलकनुमा बांधणारा नवाब आधी इक्बाल-उद-दौला होता मग विकार-उल-उमरा झाला. माणूस एकच! इंटरनेटवर शोधताना दोन्ही नावं टाकून बघा नाहीतर अर्धी माहिती सुटते. वरून त्याच्या वडलांची, रशीदुद्दीन खानांची पदवी पण विकार-उल-उमराच होती, म्हणून प्रत्येक वेळी साल बघायचं, १८८१ च्या आधीचं असेल तर वडील.

त्या पिढीतले तीन जण लक्षात ठेवले की बास. खुर्शीद जाह, विकार-उल-उमरा हे भाऊ आणि आस्मान जाह चुलत. पायग्याच्या इस्टेटीचे नंतर जे तीन भाग झाले ते या तिघांच्याच नावानं ओळखले जातात. आणि तिघांनाही पाचव्या निजामाच्या मुली दिलेल्या, म्हणजे सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या बहिणींचे नवरे, आपल्या भाषेत दाजी. महबूब गादीवर आला १८६९ ला तेव्हा तीन वर्षाचा पण नव्हता, त्यामुळं कारभार बघायला थोरले सालारजंग, आणि त्यांच्या जोडीला पायगा घराण्यातला माणूस, शेवटची काही वर्षं तर विकार यांचे वडीलच. बारका राजा, कारभार वडलांच्या हातात, पोरगा राजाचा दाजी. हे एकदा डोक्यात बसलं की मग टेकडीवर एवढा मोठा वाडा बांधायची हिंमत कुठून आली हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता तारखा जुळवून बघा. फेब्रुवारी १८८४ मध्ये महबूब अली खानला पूर्ण अधिकार मिळाले, व्हाइसरॉय रिपन त्यासाठी स्वतः हैदराबादला आला होता. आणि फलकनुमाची पायाभरणी ३ मार्च १८८४, म्हणजे महिन्याभरात. बांधकाम नऊ-दहा वर्षं चाललं. १८९३ मध्ये विकार-उल-उमरा राज्याचे दिवाण झाले, त्यांच्या आधीचे दिवाण आस्मान जाह, म्हणजे तेही घरचेच, आणि १९०१ पर्यंत पद विकार यांच्याकडंच राहिलं. आपण ज्या मनमाड-परभणी-नांदेड लाइनवरनं हैदराबादला जातो ती लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली ती पण यांच्याच काळात, आणि १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ ज्यात मराठवाडा होरपळून निघाला तो पण यांच्याच काळात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वर गेल्यावर १०१ माणसं एका वेळी बसतील असं जेवणाचं टेबल दाखवतात, आणि त्या टेबलापाशी हा दुष्काळ आठवला नाही तर नुसता फोटो काढून होतो.

जायचं कसं ते सोपंय. अजिंठा एक्सप्रेस पकडा, सकाळी तिकडं. फलकनुमा नावाचं रेल्वे स्टेशनच आहे, लोकल जाते, नाहीतर चारमिनारवरून शाहअलीबंडा रस्त्यानं ऑटो, पाचेक किलोमीटर. पण एक गोष्ट नीट ऐका, तो आता ताजचा हॉटेल आहे, नोव्हेंबर २०१० पासून, आणि गेटवर जाऊन "बघायचंय" म्हणलं तर आत सोडत नाहीत. आधी टूरचं किंवा चहाचं नाहीतर जेवणाचं बुकिंग लागतं, रेट आणि टायमिंग बदलत राहतात म्हणून निघायच्या आधी फोन करून खात्री करा. माझ्या ओळखीतले एक काका सहकुटुंब गेले, लेकराबाळांसकट गेटपासून परत आले, मग दिवसभर काकूंचं ऐकून घेतलं.

आणि सरळ फलकनुमाला जाऊ नका, हा माझा आग्रह आहे. सकाळी आधी संतोषनगरकडं पायगा मकबरे बघा, पिसलबंडा भागात. चुन्याची इतकी बारीक नक्षी आणि जाळ्या की हात लावायची भीती वाटते, आणि ज्यांची नावं तुम्ही कागदावर लिहून नेलीत ते सगळे तिथं ओळीनं. मग दुपारी हुसेनी आलममधली खुर्शीद जाहची देवडी, म्हणजे राहता वाडा, बाहेरून का होईना बघा, युरोपियन खांबांची, खूप वर्षं दुर्लक्षात पडलेली. म्हणजे सख्ख्या दोन भावांची घरं, एकाच्या देवडीची ती हालत आणि दुसऱ्याच्या वाड्यात पंचतारांकित हॉटेल. एवढं बघून संध्याकाळी टेकडीवर जा, उजेड असताना पोचा, सगळं जुनं शहर खाली दिसतं. फलकनुमा म्हणजे आभाळाचा आरसा, नाव उगाच नाही ठेवलं.

आत गेल्यावर झुंबरं, संगमरवरी जिना, बिलियर्ड टेबल हे सगळं ते दाखवतातच, त्यावर जास्त लिहीत नाही. लायब्ररी विंडसर कॅसलच्या धर्तीवर केलेली म्हणतात, तिचं कोरीव लाकडी छत मान वर करून बघा. ३२ एकराचा सगळा पसारा आणि वाड्याचा आकार नांग्या पसरलेल्या विंचवासारखा, हा आत उभं राहून दिसत नाही, मोबाईलवर सॅटेलाइट व्ह्यू लावा. पण मेन शोधायची गोष्ट म्हणजे 'व्ही' आणि 'ओ' ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेली, फर्निचरवर आणि इकडंतिकडं. ती विकार-उल-उमराची. वाडा निजामाकडं गेला तरी ही अक्षरं तशीच राहिली, मालक बदलला पण सातबारा खोडायचा राहून गेला तसं.

वाडा निजामाकडं गेला कसा याची गोष्ट गाईड रंगवून सांगेल. बांधता बांधता नवाब कर्जात बुडाले (चाळीस लाखाचा आकडा सांगतात), मग बेगमने युक्ती काढली की भावाला मुक्कामाला बोलवा, निजाम आला, इतका रमला की मुक्काम लांबतच गेला, आणि मग नवाबांनी वाडाच नजराणा म्हणून पुढं केला, निजामानेही पैसे देऊन तो घेतला. १८९७ च्या आसपासची ही गोष्ट. युक्तीचा भाग ऐकीव समजून ऐका, पण नजराण्याची पद्धत खरी होती, आणि बहीण-भाऊ-दाजी हे नातं माहीत असलं तर ही गोष्ट नुसती गंमत राहत नाही, घरातल्या घरात झालेला व्यवहार वाटतो. विकार-उल-उमरा १९०२ ला वारले. महबूब अली खान १९११ मध्ये गेला तो याच वाड्यात. त्यानंतर शेवटच्या निजामाने पाहुण्यांसाठी वापरला आणि पुढं कैक वर्षं बंदच पडून होता, दुरुस्तीलाच दहा एक वर्षं लागली.

परत आल्यावर एक काम करा, घरातले जुने कागद काढा. आपल्याकडच्या कागदांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल असतं, त्यात ५९० मिळवा, आणि जानेवारी ते सप्टेंबरमधला कागद असेल तर ५९१, की इंग्रजी साल येतं. तुमचं गाव दिवाणी म्हणजे सरकारी होतं, सर्फेखास म्हणजे निजामाचं खाजगी होतं, जहागिरीतलं होतं की पायग्याचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बरेचदा तोंडावर असतं. १३५८ फसलीचा कागद सापडला तर जपून ठेवा, पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे १९४८ ला भारताच्या फौजेनं निजामाचं राज्य घेतल्यावर, जहागिऱ्या खालसा झाल्या ते हेच साल, ऑगस्ट १९४९. आजीच्या माहेरचे तीन कागद मला मिळालेत, उर्दूत आहेत, मोहल्ल्यातले एक रिटायर्ड गुरुजी वाचून देतो म्हणलेत, ईद झाल्यावर या म्हणले.