जाम झालेला पुढचा ब्रेक कॅलिपर: पाइप सोडायच्या आधी पिस्टन मोकळा करा

काळ्या मातीचा चिखल कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, वाळून बसतो आणि मग गाडी उन्हाळाभर अंगणात उभी राहते. मराठवाड्यातल्या जुन्या मारुती 800, अल्टो, इंडिकांचं पुढचं चाक धरून बसतं ते बहुतेक यामुळेच. कॅलिपर खोलण्याआधी मात्र दोष त्याचाच आहे का, हे बघा.

गाडी सपाट, कडक जागी घ्या. मागच्या चाकांना दगड लावा, पुढून जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) बसवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक काढून डिस्क हाताने फिरवा. जड लागली तर कॅलिपरच्या निप्पलवर (हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर) पारदर्शक नळी चढवून तो अर्धा आटा सैल करा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून डिस्क सुटली, तर दाब वर कुठेतरी अडकलाय. निप्पल घट्ट करा, पेडल दाबून डिस्क पुन्हा जाम होऊ द्या आणि या वेळी कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या वरच्या टोकाचा नट सैल करा. तिथे सुटली तर मास्टर सिलिंडर (पेडलने ब्रेकचा दाब तयार करणारा भाग) बघा. तिथे न सुटता फक्त निप्पलवर सुटली, तर होज आतून फुगून बंद झालाय, तो बदला. दोन्हीकडे काहीच फरक पडला नाही, तर पिस्टन किंवा स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) धरल्यात.

आता चिखल ब्रश आणि पाण्याने काढा. हवा मारू नका, जुन्या पॅडची धूळ छातीला घातक. पिनचे बोल्ट बहुधा 12 किंवा 14 मिमीचे, ब्रॅकेटचे (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीचे) 17चे. सहा कोनांचीच गोटी (सॉकेट) वापरा. बारा कोनांची गंजलेलं डोकं गोल करते. गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, पण डिस्क आणि पॅडवर थेंब जाऊ देऊ नका. बोल्ट मागच्या बाजूने असतात, त्यामुळे समोरून हात घालणारा हमखास उलटीकडे फिरवून ते आणखी आवळतो. बोल्टच्या डोक्याकडून बघून घड्याळाच्या उलट फिरवा.

बोल्ट निघूनही कॅलिपर येत नसेल, तर डिस्कच्या झिजलेल्या कडेचा काठ पॅडला अडवतोय. निप्पल सैल करा आणि टायर लिव्हरने कॅलिपर बाहेरच्या बाजूला दाबा. पिस्टन दोन-तीन मिमी आत गेला की पुरतं. पिनच अडकली असेल तर ब्रॅकेटसकट सगळं काढून शिकंजात धरा. गरम करायचं तर फक्त ब्रॅकेट, तेही सगळं रबर काढल्यावर.

पिस्टन आतच अडकलाय? मग पाइपला (कॅलिपरला जोडलेल्या त्याच होजला) हात लावू नका. पाइप एकदा सुटला की पिस्टन ढकलायला बहुधा उरते ती कॉम्प्रेसरची हवा, आणि हवेने सुटलेला पिस्टन गोळीसारखा येतो, बोटं मोडतात. त्यापेक्षा पेडलचाच दाब वापरा. निप्पल बंद करा, कॅलिपर तारेने टांगा (होजवर लोंबकळत सोडू नका), पॅड काढून पिस्टनसमोर लाकडाची फळी ठेवा आणि दुसऱ्याला पेडल हळू दाबायला सांगा. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर जागेवरच असू द्या. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल संपू देऊ नका. पिस्टन फळीला टेकला की कॅलिपर एका बोल्टवर परत लावून पाइपचा बोल्ट सैल करा. हातात धरून तो निघत नाही. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर तो टाकून द्या; पॉलिश पेपर मारून भागत नाही, नवा सीलही गळेल. खड्डे नसतील तर सील किट घाला आणि सीलला ताजं ब्रेक ऑइल लावा. डिझेल, रॉकेल किंवा साधं ग्रीस लावाल तर रबर फुगून तोच पिस्टन पुन्हा धरेल. पिनला ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. पाइपच्या बोल्टचे दोन्ही तांब्याचे वायसर नवे.

बसवताना निप्पल वरच्या बाजूला आहे ना, ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निप्पल खाली येतो, आणि मग कितीही एअर काढली तरी पेडल मऊच राहतं. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच भरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं: डॉट 3 प्रतीच्या तेलाचा उकळबिंदू नवं असताना किमान 205 अंश, पाणी शोषल्यावर 140पर्यंत येतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदला.

इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. रिकाम्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फिरून या आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच बाजू जास्त तापली असेल, तर तिथली पिन पुन्हा काढून बघा.